मास्तरांचं पाणी

बाबांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. त्यांच्या हाताखाली घोडेस्वारी शिकलेली मुलं आता स्वतःची मुलं घेऊन आमच्याकडे येतात, आणि फाटकातून आत शिरतानाच पोट आत घेऊन ताठ चालायला लागतात. न जाणो, मास्तर बघत असतील. मीही त्यातलीच. चाळिशी उलटली, लहान मुलांचा वर्ग एकटी सांभाळते, तरी बाबांनी मागून नुसतं खाकरलं की माझी पाठ आपोआप ताठ होते.

त्यामुळे पाण्याच्या अडथळ्याबद्दल त्यांना कधी कुणी बोललं नाही, ह्यात नवल काहीच नाही.

हा अडथळा म्हणजे मैदानाच्या टोकाला एक आडवा दांडा आणि त्याच्या खाली लाकडी चौकटीत निळं प्लॅस्टिक अंथरून भरलेलं वीतभर पाणी. घोडा उंचीला भीत नाही, चकाकणाऱ्या गोष्टीला भितो. पाणी दिसलं की भला शहाणा घोडासुद्धा जागच्या जागी थबकतो आणि वरचा स्वार एकटाच पलीकडे जाऊन पडतो. म्हणून त्याला पाण्याची सवय करायची. बाकीच्या शाळा सराव झाला की पाणी ओतून देतात. आमचे बाबा कसले ओततात! "नळाच्या स्वच्छ पाण्यावरून कुठलंही गाढव उडी मारेल," ते म्हणायचे. "हिरवं, पालापाचोळा पडलेलं, वास मारणारं पाणी बघून जो बिचकत नाही, त्याला घोडा म्हणायचं." त्यामुळे आमचं पाणी कधी बदललं जायचं नाही. आटलं की वरून भर. पाहुणा आला की बाबा आधी त्याला हे पाणी दाखवायला न्यायचे आणि मग चहाचं विचारायचे.

टेलरबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनाही दाखवलं होतं. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं कपडे शिवायचं दुकान आहे, वर घर आणि मागे फरसबंद अंगण. घोडी त्यांच्या मुलीची. मुलगी शिकायला लांब निघून गेली आणि घोडी आईच्या गळ्यात पडली. त्यात गेल्या साली ह्या घोडीला डासांमुळे होणारा मेंदूज्वर झाला होता. बाईंनी दुकान बंद ठेवून, तिच्याजवळ बसून तिला वाचवली. वाचली, पण मागचे पाय काही पूर्ववत झाले नाहीत. चालताना कंबर एकीकडे आणि पाय दुसरीकडे. आमच्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं झोकांडी. बाईंनी ते हसून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःही तिला तेच म्हणायला लागल्या. पागेच्या टोकाचं ठाण, म्हणजे घोडा बांधायचा कप्पा, त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. रोज दुकान उघडण्याआधी येऊन घोडीचे पाय चोळून जायच्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आणि मग हेडमास्तर आजारी पडला.

हेडमास्तर हा आमचा सगळ्यात जुना घोडा. पहिल्यांदा खोगिरावर बसणारं प्रत्येक मूल त्याच्यावर बसायचं. मूल रडलं तर तो थांबायचा, मूल फाजीलपणा करायला लागलं तरी थांबायचा. बाबा म्हणायचे की मास्तर मी असलो तरी शाळा तो चालवतो. त्या आठवड्यात त्याचे ओठ थरथरायला लागले. सारखे, आपले आपणच. "हेडमास्तर पाढे म्हणतोय!" म्हणून पोरं खिदळली. मीसुद्धा म्हटलं, माशी बसली असेल. दुसऱ्या दिवशी तो सपाट जमिनीवर ठेचकाळला. तिसऱ्या दिवशी वळताना त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकले आणि तो बसला, तो उठायलाच तयार नाही.

संध्याकाळच्या वर्गाची वेळ होती. मैदानावरचे मोठे दिवे लागलेले, कठड्याला लागून आईबाप उभे. हेडमास्तरची ती अवस्था बघून बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. आणि नेमक्या त्याच वेळी टेलरबाई पिशवीत गाजरं घेऊन आत आल्या.

"बाई!" बाबा गरजले. "तुमच्या घोडीनं माझ्या घोड्याला रोग लावला. तेच पाय, तेच झोकांडणं. माझे डोळे फुटलेत का?"

बाई थांबल्या. "मास्तर, हा आजार घोड्याकडून घोड्याला होत नाही. मला तेव्हा डॉक्टरांनी समजावून..."

"घोड्यांचं मला शिकवू नका. तुम्ही आपली काजं-बटणं करा."

कुणीतरी हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू. बाबांच्या बोलण्यावर हसायची आम्हां सगळ्यांना सवयच लागलेली. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना बहुतेक वाटलं असावं की मी काहीतरी बोलेन. बाबा म्हणाले, "आत्ताच्या आत्ता घोडी बाहेर काढा," आणि मी गुमान जाऊन ठाणाचं दार उघडून दिलं. झोकांडी कठड्याजवळून डुलत गेली तेव्हा एका आईनं आपल्या मुलीला दंडाला धरून मागे ओढलं. बाईंनी तेही पाहिलं. गाजरांची पिशवी दाराशीच राहिली.

डॉक्टरीण सकाळी आली. वयानं लहान, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिनं हेडमास्तरचं रक्त घेतलं, त्याच्या पापण्या पाहिल्या, टाचणीनं त्याचे पाय टोचून पाहिले. बाबांनी लगेच झोकांडीची कहाणी सुरू केली, तर ती म्हणाली, "मास्तर, त्या घोडीला सोडा. तपासणीचा निकाल येईल तेव्हा येईल, पण हा मला तोच मेंदूज्वर दिसतोय, आणि त्याचा विषाणू असतो पक्ष्यांमध्ये. पक्ष्याला चावलेला डास घोड्याला चावला की घोडा आजारी. पण घोड्याच्या रक्तात तो इतका वाढतच नाही, की पुढच्या डासाला मिळावा. घोड्याकडून ना घोड्याला होतो, ना माणसाला. घोड्यात आला की त्याचा रस्ता संपला."

ती वही काढून बाबांना एकेक विचारायला लागली.

"लस दिली होती?"

"गेल्या वर्षी."

"ह्या वर्षीची?"

"गेल्या वर्षीची अजून अंगात असेल की. माझ्या घोड्यांना सुया टोचून चाळण करायची आहे का?"

"दर वर्षी द्यावी लागते, मास्तर, डास वाढायच्या आधी. आणि सराव दिव्याखाली घेता? अंधारून येताना? नेमके तेव्हाच हे डास चावतात. बरं, मेलेले पक्षी दिसले का आसपास?"

"नाही," बाबा म्हणाले.

मी स्वतः फावड्यानं मेलेले कावळे उचलून कुंपणापलीकडे टाकले होते, त्याच आठवड्यात. बाबांना सांगितलंही होतं.

"पाणी कुठे साचतं?"

"माझ्या पागेत? हौद रोज घासून भरला जातो. हात फिरवून बघा, बुळबुळीत लागला तर नाव बदलीन."

"हौद मी पाहिला, छान आहे. आणखी कुठे?"

"कुठे नाही."

डॉक्टरणीनं माझ्याकडे पाहिलं. काय तिची नजर होती! आरोप नव्हता त्यात, नुसतं विचारणं होतं. मी म्हणाले, "नाही." इतकं सोपं होतं ते, की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

ती म्हणाली, उद्या पालिकेची माणसं पाहणीला येतील, घाबरायचं कारण नाही. त्यावर बाबा म्हणाले, "त्यांना त्या टेलरबाईकडेही पाठवा. तिच्या अंगणात डबे-टाक्या असतील." आणि पत्ता विचारल्यावर तो कुणी सांगितला? मी.

डॉक्टरणीची गाडी फाटकाबाहेर गेली आणि बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते प्लॅस्टिक काढून टाक." म्हणजे त्यांना कळलं होतं. मलाही. मी चौकट एका बाजूनं उचलली, पाणी वाळूवर सांडलं. वाळू पाणी प्यायली आणि वर राहिल्या त्या अळ्या. वळवळणाऱ्या, असंख्य, काळपट. सगळी वाळू हलतेय असं वाटत होतं. मला शिसारी आली, पण शिसारी येऊन काय उपयोग? मी दंताळं फिरवलं, प्लॅस्टिकची गुंडाळी केली आणि गवताच्या गंजीमागे कोंबली. दुसऱ्या दिवशी पालिकेची माणसं आली. इतकी स्वच्छ पागा आम्ही बघितली नाही, असं म्हणून चहा पिऊन गेली. बाबांनी त्यांना हौदात हात घालायला लावला.

झोकांडीची झूल आमच्याकडेच राहिली होती. ती देऊन ये म्हणून बाबांनी मला बाजारामागे पाठवलं, आणि मी नको तेव्हा तिथे पोहोचले. तीच माणसं बाईंचं अंगण उलथंपालथं करत होती. बादल्या पालथ्या, कुंड्यांखालच्या बशा गल्लीत मांडलेल्या, टाकीचं झाकण उघडून एकजण बॅटरी मारून आत बघतोय. वरच्या सगळ्या खिडक्या माणसांनी भरलेल्या. मिळालं काय? काही नाही. बाईंच्या टाकीला तर जाळी होती. तरी "खबरदारी म्हणून" त्यांनी धुराचं मशीन चालू केलं. पांढरा धूर दुकानात शिरला. उद्या द्यायचे कपडे दोरीवर टांगलेले होते, बाई धावत जाऊन त्यांच्यावर चादरी टाकत होत्या, पण धूर काय चादरीला ऐकतो? वर एक बाई खिडकीतून ओरडली, "आम्हांला रोग नकोय गल्लीत!" अंगणात झोकांडी आंधळ्यासारखी मान हलवत उभी. जाताना त्या माणसांनी सांगितलं की वस्तीत घोडा ठेवता येत नाही, शनिवारपर्यंत हलवा.

मी झूल उंबऱ्यावर ठेवली आणि पळाले. अक्षरशः पळाले, ह्या वयात, भर बाजारातून.

हेडमास्तर काही उठला नाही. डॉक्टरणीनं सगळं केलं. सलाईन लावलं, आम्ही कूस बदलत राहिलो, पोटाखाली पट्टे घालून उभं करायचा प्रयत्न झाला. मग तो दात खायला लागला, पाय झाडायला लागला, आणि ती म्हणाली, "मास्तर, आता त्याला त्रास देण्यात अर्थ नाही." बाबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. इंजेक्शन दिल्यावर तो सैल पडला तरी बाबा त्याच्या कानामागे खाजवत होते. "शहाणं माझं बाळ," म्हणत होते. मी बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया येत होती आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

जेवायला बसलो तेव्हा मी विषय काढला.

"बाबा, शनिवारी टेलरबाईंची घोडी ट्रकात जाणार."

भाकड जनावरं उचलणारा तो ट्रक गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यात चढलेलं जनावर परत येत नाही.

"दुसरी पागा बघू दे त्यांना."

"कोण घेणार? तुम्ही सगळ्यांना फोन करून सांगितलंय की त्या घोडीनं रोग आणला. नदीपलीकडच्या पागेचे मिशीकाका तयार होते, तेही तुमच्या फोननंतर मागे फिरले."

"मग मी काय करू? सांगू, की मास्तरांच्या पाण्यात डास झाले? एक मूल येणार नाही उद्या. शाळा बंद पडेल. तूही ह्याच शाळेवर जेवतेस."

"तुम्हांला लाज नाही वाटत?" मी हे बोलले. बाबांना. घास हातात तसाच धरून.

"वाटते," ते म्हणाले. "म्हणूनच तर गप्प आहे." आणि ताटावरून उठले.

माझंही तेच चाललं होतं.

तरी मी दुसऱ्या दिवशी टेलरबाईंकडे गेले. दुकानात अजून धुराचा वास होता. त्या धुतलेले कपडे पुन्हा इस्त्री करत होत्या. मला बघून त्यांनी इस्त्री उभी केली, बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. पाणी, कावळे, अळ्या, गुंडाळलेलं प्लॅस्टिक, पत्ता कुणी दिला तेही. सांगताना माझ्या मनात कुठेतरी होतं की आता ह्या रडतील, चिडतील, मला चार शब्द सुनावतील आणि मी सुटेन.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मला का सांगतेस?"

"म्हणजे?"

"माझ्या घरात डास नव्हते, हे मला ठाऊकच होतं. माझ्या घोडीनं काही केलं नाही, तेही ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग ना." आणि त्यांनी पुन्हा इस्त्री हातात घेतली.

कान लाल होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बाहेर पडल्या पडल्या मी मिशीकाकांना फोन लावला आणि रस्त्यातच उभी राहून सगळं पुन्हा सांगितलं. काका बराच वेळ हूं हूं करत राहिले.

"हे बघ पोरी," ते शेवटी म्हणाले, "तुझं आणि मास्तरांचं काही भांडण झालं असेल, मला काय माहीत? माझ्याकडेही लोकांचे घोडे आहेत. उद्या ते मला विचारतील. मास्तरांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं, की घोडीचा दोष नाही. मग मी तिला आनंदानं नेतो. शनिवारी गाडी घेऊन येतो हवं तर. पण त्यांच्या तोंडून."

मी घरी येऊन हे जसंच्या तसं बाबांना सांगितलं. ते रिकिबीचा चामडी पट्टा पुसत होते. पुसतच राहिले.

शनिवारी ट्रक आधी आला. ड्रायव्हर दार उघडं टाकून तंबाखू मळत बसला होता. मिशीकाकांची घोडा न्यायची बंद गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि काका तिला टेकून हाताची घडी घालून थांबले होते. बाईंनी झोकांडीला खरारा केला होता, तिच्या आयाळीची वेणी घातली होती. खिडक्या पुन्हा भरल्या होत्या. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो?

आणि बाबा आले. चालत, इस्त्रीचे कपडे घालून, खांद्यावर नवीन दोर. मला वाटलं, जमलं, आता बोलतील. ते थेट बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"मी घोडीला न्यायला आलोय," ते म्हणाले. "तिचं ठाण मोकळं आहे. भाडं-बिडं काही नको. झालं गेलं ते सोडून देऊ."

मी मनातल्या मनात चडफडले. काय शिताफी! घोडीही वाचली, मास्तरांची मास्तरकीही वाचली, वर उपकार झाले ते वेगळेच. वरून कुणीतरी "वा मास्तर" म्हटलंसुद्धा. ड्रायव्हरनं तंबाखू झटकली. बाईंनी फक्त "बरं" म्हणायचा अवकाश होता. शनिवार होता, दारात ट्रक होता, त्यांच्याकडे दुसरं होतं काय?

बाईंनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला.

"नको," त्या म्हणाल्या. रागानं नाही, गिऱ्हाइकाला कापड कमी पडेल असं सांगावं तसं. "तुमच्याकडे डास आहेत, मास्तर."

काजं-बटणं म्हणणारा माणूस आता काय म्हणतो, ह्याची मला धडकी भरली. बाबांनी एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा घोडीच्या त्या वाकड्या पडणाऱ्या मागच्या पायांकडे.

"आहेत," ते म्हणाले.

"काय म्हणालात, मास्तर?" गल्लीच्या तोंडाशी उभ्या मिशीकाकांनी विचारलं. "मला ऐकू नाही आलं."

बाबांनी घसा साफ केला आणि मैदानावरच्या आवाजात, वरच्या शेवटच्या खिडकीपर्यंत पोहोचेल असं म्हणाले, "डास माझ्याकडे आहेत. माझ्या साचलेल्या पाण्यात झाले. माझ्या घोड्याला मी ह्या वर्षीची लस दिली नाही. तो माझ्यामुळे मेला. ह्या घोडीचा काही दोष नाही, ह्या बाईंच्या घरात काही सापडलेलं नाही. मी खोटं बोललो."

"आणि पाणी मी लपवलं," मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. माझा आवाज इतका बारीक निघाला की तो बाबांखेरीज कुणी ऐकला असेल असं वाटत नाही.

काकांनी गाडीची फळी खाली सोडली. ट्रकवाल्यानं कपाळाला हात लावला आणि ट्रक मागे घेतला. बाई झोकांडीला फळीपाशी घेऊन गेल्या. तिचे पुढचे पाय चढले, मागचे घसरले. असा घोडा फळीवर कसा चढवायचा, हे गावात बाबांइतकं कुणाला कळत नाही. ते सवयीनं पुढे झाले, कमरेला आधार द्यायला त्यांचे हातही उचलले गेले.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "मी चढवते."

त्यांनी एकेक खूर हातानं उचलून फळीवर ठेवला. फार वेळ लागला. घोडी दोनदा खाली आली, बाई दोनदा परत सुरुवातीपासून लागल्या. बाबा दोर हातात घेऊन उभे होते आणि सगळी गल्ली त्यांना उभं असलेलं बघत होती. मग आतून खुरांचा आवाज आला, फळी वर गेली, आणि बाई काकांच्या शेजारी बसून निघून गेल्या. आमच्याकडे त्यांनी वळून पाहिलं नाही.

"चल," बाबा म्हणाले.

आम्ही गल्लीतून निघालो. खिडक्या तशाच भरलेल्या होत्या, आणि फाटक येईपर्यंत आम्ही दोघांनीही मान वर केली नाही.